नाही, परत म्हण

४ मार्च

खारुताई,

पोटभर आशीर्वाद. तुझा फोन आला तेव्हा लाँड्रीत गिऱ्हाईक उभं होतं आणि बॉयलर शिट्ट्या मारत होता, म्हणून मी नुसती "हं, हं" करत राहिले. फोनवरचं बोलणं मला वाफेसारखं वाटतं, आलं आणि गेलं. म्हणून निवांत लिहितेय. तूही लिहीत जा. माझी शाळा चौथीत सुटली, पुढचं वाचन मी गिऱ्हाइकांच्या खिशात राहिलेल्या कागदांवर केलं. त्यामुळे अक्षर कसंही असलं तरी मला लागतं.

तर तुम्ही दोघं समुपदेशक बाईंकडे जायला लागलात. (हा शब्द लिहिताना दोनदा पेन अडलं.) नवरा-बायकोनं समोरासमोर बसून बोलायचं आणि बाईंनी ऐकायचं. एवढंच असेल तर मी रोज इस्त्री करता करता फुकट करतेच की! अर्धी गल्ली माझ्या टेबलावर संसार मांडून जाते.

चेष्टा राहू दे. तुमचा तंटा तो धरणावरच्या बदलीचाच ना? जावईबापूंना वर क्वार्टर मिळालंय, मेअखेर हजर व्हायचंय, आणि तू बरोबर जायचं की कानाच्या दवाखान्यातली नोकरी धरून तिथेच राहायचं. मला विचारशील तर जा. एकटा माणूस त्या माळावर काय करणार? आणि असा माणूस! मागे आले तेव्हा न सांगता माझा गळका नळ दुरुस्त केला, गोळ्या वारांप्रमाणे डबीत लावून ठेवल्या. मी तर बाई पाहतच राहिले.

हो किंवा नाही, काय ते ठरव आणि मोकळी हो.

तुझी मावशी


१५ मार्च

मावशी,

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि एकटीच हसत बसले. बाहेर तपासणीला आलेल्या आजी म्हणाल्या, "हिला कुठला आवाज आला ग?"

बाईंची खोली अगदी साधी. दोन खुर्च्या समोरासमोर, तिसरी जरा बाजूला, खिडकीत एक कुंडी. पहिल्याच दिवशी त्यांनी एक नियम दिला. एकानं बोलायचं. दुसऱ्यानं उत्तर द्यायच्या आधी, त्याचं म्हणणं आपल्या तोंडून परत सांगायचं आणि विचारायचं, "बरोबर ना?" पहिला "हो, हेच" म्हणाला की मगच आपलं बोलायचं. यानं म्हणे भांडणाचा वेग कमी होतो.

मला हा नियम घरचाच वाटला. मी दिवसभर दुसरं काय करते? काचेच्या पलीकडे माणूस बसतो, मी हळू आवाजात शब्द म्हणते, पाट, डोळा, भिंत, आणि तो परत म्हणतो. बरोबर म्हणाला तर ऐकू आलं. इतकं सरळ आहे ते.

आणि हा काय म्हणाला असेल माहितेय? मी घाबरत घाबरत म्हटलं होतं, की वर गेल्यावर मी संपून जाईन असं मला वाटतं. त्यानं शांतपणे शब्दन् शब्द परत सांगितला. "पण" कुठे म्हटलं, थांबले कुठे, सगळं. मला रडूच फुटलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझं बोलणं असं अख्खं परत मिळालं नव्हतं. पैकीच्या पैकी गुण!

मग त्याची पाळी. त्याला एकटेपणाची भीती वाटते. लहानपणी त्याला सतत कुणाकुणाकडे ठेवलं जायचं. तिथे दारात बसून वाट बघायचा. मी नसले तर पुन्हा तेच होईल म्हणतो. ऐकून माझा जीव कळवळला. आता आम्ही हा नियम घरीही पाळायचं ठरवलंय. म्हणजे त्यानं सुचवलं.

निर्णय व्हायचाय अजून.

तुझी खार


२७ मार्च

खारुताई,

वाचून बरं वाटलं. त्या बाईंबद्दल वेडंवाकडं लिहिलं ते मागे घेते. जावईबापूंचं लहानपण वाचून मलाही वाईट वाटलं.

पण एक विचारू? तू दोन पानं भरून लिहिलंस. त्यात तो घाबरतो, तो रडवतो, तो सुचवतो. मी कपडे मोजावेत तशी तुझी वाक्यं बाजूला काढून पाहिली, तर तुझ्या वाट्याला एकच सापडलं, आणि तेही त्यानंच परत सांगितलेलं. तिथे तू संपून जाशील म्हणालीस, त्याचं पुढे काय झालं? परत सांगून झाल्यावर तो काय म्हणाला?

वाकड्यात शिरू नकोस. म्हातारीला चौकशा करायची सवय.

मावशी


१२ एप्रिल

मावशी,

तू म्हणतेस की मी दोन पानं लिहिली आणि माझ्या वाट्याला एकच वाक्य आलं. आणि तू विचारतेस की तो पुढे काय म्हणाला. बरोबर ना?

हसू नकोस. सवय लागलीय.

पुढे तो असं म्हणाला, की संपून जाईन हा फार मोठा शब्द आहे, आणि मोठे शब्द वापरून मी त्याला घाबरवते. मी ते परत सांगितलं. तो म्हणाला, "नाही, परत." मी पुन्हा सांगितलं. माझ्या सांगण्यात तक्रारीचा सूर होता म्हणे, त्याच्या मूळ बोलण्यात नव्हता. खरंच आहे, तो कधी आवाज चढवत नाही. तो वाट बघतो. मला नीट जमेपर्यंत ताटावर बसून राहतो, जेवण गार झालं तरी त्याची तक्रार नसते. माझी पाळी येते तेव्हा मला काय म्हणायचं होतं तेच आठवत नाही. तो म्हणतो, विसरलीस म्हणजे महत्त्वाचं नसणार. असेलही.

बाईंना तो दर वेळी सांगतो की घरी नियम छान चाललाय. मी मान हलवते. बाई मागच्या वेळी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत होत्या. म्हणाल्या, पुढच्या खेपेला दोघांना वेगवेगळं भेटेन. परतताना गाडीत तो गप्प होता.

काल दवाखान्यात एक आजोबा शब्द चुकले. माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही, परत." माझ्याच आवाजात, पण माझं नव्हे. त्यांनी दचकून दोन्ही हात वर केले. त्यांची सून रागानं माझ्याकडे बघायला लागली. मी माफी मागितली.

आता तुझी पत्रं आम्ही दोघं मिळून वाचतो. लपवायचं काही नाही असं ठरलंय. राजीनामा लिहून ठेवलाय, अजून दिला नाही.

खार


१९ एप्रिल

आदरणीय मावशी,

नमस्कार. तुमच्या दोन पत्रांवरून तुमचं म्हणणं मला असं समजलं : तिनं हो किंवा नाही ठरवून मोकळं व्हावं, तुमच्या मते तिनं माझ्याबरोबर जावं, आणि आता तुम्हाला तिची काळजी वाटते, कारण तिच्या वाट्याला कमी वाक्यं आली. बरोबर ना?

तुमच्या मायेबद्दल मला आदर आहे. म्हणूनच सांगतो, तुमचं पत्र आलं की ती पुढे दोन-दोन दिवस अस्वस्थ असते. जुन्या शंका उकरल्यासारखं होतं. यापुढे पत्रं माझ्या नावे पाठवलीत तर मी योग्य वेळ बघून तिला वाचून दाखवीन.

समुपदेशक बाईंनी तिला एकटीला बोलावलं आहे. नवरा-बायकोत भिंत घालण्याचा हा प्रकार मला पटत नाही. आम्ही ते जाणं आता थांबवत आहोत. ती तुमचं ऐकते. तुम्हीही तिला तसंच सांगावं. एकटी गेल्याचं तिनं तुम्हाला काही कळवलं असेल, तर मलाही कळवा.

वर हवा उत्तम आहे. टपाल आठवड्याच्या गाडीनं माझ्या ऑफिसात येतं, आणि फोन लागत नाही, त्यामुळे शांतता मिळेल. तुमच्या गोळ्या वेळेवर घ्या.

आपला,
जावई


२४ एप्रिल

खारुताई,

हे पत्र दवाखान्याच्या पत्त्यावर पाठवतेय. एकटीनं वाच.

जावयाचं पत्र आलं. आधी मी इतकी खूश झाले, की दुकानात शेजारणीला मोठ्यानं वाचून दाखवलं. "बघ, मोठ्या माणसाचं किती मन लावून ऐकतात!" शेजारीण म्हणाली, "हो ना बाई, आमच्याकडे तर हाक मारली तरी कुणाला ऐकू येत नाही." मग ती गेली, मी इस्त्री हातात घेतली, आणि मला कसंतरीच व्हायला लागलं. माझी वाक्यं त्यानं धुऊन, कडक इस्त्री करून, घडी घालून परत दिली होती. सुरकुती म्हणून नाही. पण घड्या उलगडल्या तर आत अंग कुठेच नव्हतं. खाली त्याला जे मागायचं होतं, ते त्यानं माझं पत्र वाचलं नसतं तरी मागितलंच असतं.

पोरी, ऐकणाऱ्या माणसात काहीतरी हलतं. थोडं तरी. इतक्या दिवसांत त्याचं काय हललं, ते मला सांग.

मी आधी "जा" लिहिलं होतं ना? त्यावर फुली मार. राजीनामा देऊ नकोस. त्या बाईंकडे एकदा एकटी जाऊन ये. आणि माझ्या या पत्राचं उत्तर माझीच वाक्यं म्हणून दाखवून देऊ नकोस. तुझं एक ओळभर काहीही लिही. आज ऊन पडलं होतं, एवढं लिहिलंस तरी चालेल.

मावशी


५ मे

मावशी,

आम्ही ठीक आहोत. राजीनामा मागच्या आठवड्यात दिला. दवाखान्यानं माझ्या नावाचं टपाल घरी पाठवलं, त्यात तुझं पत्र होतं. आम्ही ते वाचलं. तू म्हणतेस की त्याच्यात काही हलत नाही. असं लिहिल्यानं तो दुखावला आहे. तुला तसं म्हणायचं नसेल, असं आम्हाला वाटतं.

सामान बांधणं चालू आहे. महिनाअखेरीला वर जाऊ. काळजी करू नये.

आज ऊन पडलं होतं.

खार


९ मे

जावईबापू आणि खारुताई,

दोघांना आशीर्वाद. हे पत्र उघडंच लिहिते, लपवाछपवी नाही. जावईबापू, तुम्ही ते आधी वाचणार हे मला ठाऊक आहे, आणि तुम्ही छान वाचता. तेव्हा मोठ्यानं वाचा, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, जसं नेहमी म्हणून दाखवता तसं.

मी बरी आहे. नळ पुन्हा गळतो. बॉयलरचा वॉशर बदलला. शेजारणीच्या मुलीला नोकरी लागली. खारुताई, तुला काय हवंय? सामान बांधताना काचेच्या वस्तूंना जुन्या चादरी गुंडाळा, त्या मी पाठवते. दोघांनी तब्येत जपावी.

मावशी


२८ मे

मावशी,

हे मी एकटीनं लिहितेय. जागेचा पत्ता मागच्या बाजूला आहे, तो कुणाला देऊ नकोस. सगळं क्रमानं सांगते.

तुझं पत्र त्यानं मोठ्यानं वाचलं. मी कपाटातल्या बशा कागदात गुंडाळत होते. तो वाचत होता, नळ, बॉयलर, शेजारणीच्या मुलीची नोकरी, काचेच्या वस्तू. माझा धंदा कानांचा आहे, मावशी. माणूस कुठे श्वास घेतो ते मला ऐकू येतं. त्या नोकरीनंतर त्याचा श्वास चुकीच्या जागी पडला. एक ओळ खाली उतरला तो. मी म्हटलं, "बघू." त्यानं पत्र घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि म्हणाला, "सगळं वाचलंय."

तो अंघोळीला गेला तेव्हा मी खिसा पाहिला. खिशातले कागद वाचायचं तुझ्याकडूनच शिकलेय! ज्या माणसाकडून माझं "पण"सुद्धा सुटत नव्हतं, त्याला "तुला काय हवंय?" एवढं एक वाक्य तोंडातून काढता आलं नाही. मी तिथेच पाय पोटाशी घेऊन बसले. रागबिग काही आला नाही. गार पडले मी.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या किल्ल्या परत करायच्यात असं सांगून मी बाईंकडे गेले. बाईंनी विचारलं, "आज कशासाठी आलात?" मी म्हटलं, "तुम्ही विचारताय की मी कशासाठी आले. बरोबर ना?" आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांनी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. हळूच म्हणाल्या, "आत्ता तुम्ही माझ्याकडे बघताय ते बरोबर आलं का हे तपासायला. माझ्यासमोरही तुम्हाला परीक्षा द्यावी लागतेय. हे आपल्या दोघींमध्ये आत्ता होतंय. आणखी कुठे होतं?"

मावशी, मी भडकले. मी! "नियम तुमचाच आहे!" असं ओरडले, पर्स उचलली, दारापर्यंत गेले. त्या म्हणाल्या, "हो, माझाच. तो तुमच्या घरी कशासाठी वापरला जातोय हे मला उशिरा दिसलं. ती माझी चूक आहे. तुम्ही माझ्यावर रागवा, मी इथेच आहे."

मी त्या दुखावण्याची वाट बघत उभी राहिले. मला वाटलं आता त्या गप्प होतील, दिवसभर गप्प राहतील. तसं काहीच झालं नाही. त्या आपल्या बसल्या होत्या. मी परत येऊन खुर्चीवर बसले आणि खूप वेळ काही बोलले नाही, आणि त्याचंही काही बिघडलं नाही.

मग पुढच्या भेटींत आईचा विषय निघाला. आईच्या दुखण्यात मी आतल्या खोलीच्या दारात बसून असायचे, आठवतं? तिनं कूस बदलली तरी मला कळायचं. सगळे म्हणायचे, पोरीचे कान किती तिखट. तीच माझी शाबासकी होती. ऐकू आलं तर मी चांगली, चुकलं तर आईला काहीतरी होईल. मी अख्खी कान झाले, मावशी. तोंड लागेल अशी वेळच आली नाही. तो भेटला तेव्हा मला वाटलं, हे घर ओळखीचं आहे. तोही कुणाच्या तरी दारात बसलेला होता. दोघं दारातले, आत कुणीच नाही.

बाईंनी जोडीनं भेटणं स्वतःहून बंद केलं. त्याला त्यांनी दुसऱ्या समुपदेशकाचं नाव दिलं. तो गेला नाही. मी कुठे राहीन, कुणाला सांगून ठेवीन, त्याच्याशी कुठे बोलीन, हे आम्ही आधी नीट ठरवलं. दवाखान्यानं राजीनामा परत दिला. मग भर दुपारी दवाखान्यासमोरच्या बाकावर मी त्याला सांगितलं, "मला यायचं नाही."

त्यानं परत सांगितलं. "तुला यायचं नाही." मग म्हणाला, "नाही, परत म्हण. नीट विचार करून." आणि पुन्हा, "परत म्हण." आवाज तसाच, मऊ. माझे ओठ आपोआप हलायला लागले होते ग. मी बाकाची कड घट्ट धरली. एकदा म्हटलेलं दुसऱ्यांदा म्हटलं नाही. उठले आणि आत गेले. काचेतून पाहिलं तर तो बाकावर बसून होता. संध्याकाळीही होता. मी मागच्या दारानं निघाले.

सामानाची गाडी वर गेली म्हणतात. तो गेला की नाही कुणालाच माहीत नाही. जिन्यात पाऊल वाजलं की माझा हात थांबतो.

खार


३ जून

माझ्या पोरी,

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. आईच्या दारातली तू मला दिसलीस. तुझे कान तिखट म्हणणाऱ्यांत मीही होते. त्या बाईंना माझा नमस्कार सांग.

तो वर गेलेला नाही. इथे आहे.

परवा दुकानात आला, दोन शर्ट घेऊन. "इस्त्री करायचीय, मावशी." मी टेबलामागून हलले नाही. म्हणाला, "तुम्ही बऱ्या दिसता. गोळ्या घेता ना?" मग म्हणाला, "तुमचं म्हणणं असं असणार, की तिचा पत्ता तुम्हाला माहीत नाही. बरोबर ना?" मी म्हटलं, "चूक. माहीत आहे. देणार नाही." तो हसला. इतकं चांगलं हसतो तो, मी इस्त्री जवळ ओढली. "परत म्हणा," म्हणाला. मी म्हटलं, "इथे शर्ट परत मिळतात, वाक्यं नाही." गेला. पण गेला म्हणजे समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर जाऊन बसला. काल बसला होता, आजही बसलाय. कुणाशी बोलत नाही, कुणाला त्रास देत नाही. चौकीवर सांगून आले तर तिथला हवालदार म्हणतो, "आजी, बसण्याला गुन्हा म्हणत नाहीत." शर्ट तयार होऊन टांगलेत, न्यायला येत नाही.

तू तिथे एकटी आहेस. सरळ माझ्याकडे निघून ये. मागची खोली रिकामी केलीय, नवं कुलूप बसवलंय, पलंग आणलाय, खिडकीला जाड पडदा शिवलाय. दुकान आहे, मी आहे, शेजारीण तर दांडकं घेऊन तयारच आहे. त्याला तू दिसणारसुद्धा नाहीस. शनिवारच्या गाडीनं निघ. मी ऐकून घेणार नाही.

मावशी


८ जून

मावशी,

नको.

हा शब्द लिहून मी पेन खाली ठेवलं आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. तू रागावशील असं वाटत होतं. मग परत येऊन बसले. शब्द तसाच ठेवतेय.

मला तुझ्या मागच्या खोलीत जाड पडद्याआड राहायचं नाही. मला इथे राहायचंय. दवाखाना इथे आहे, बाई इथे आहेत. इथल्या शेजारणीला सांगून ठेवलंय, चौकीवर लेखी दिलंय, जिन्यात दिवा लावून घेतलाय. भीती गेलेली नाही. बाई म्हणतात ती इतक्यात जाणार नाही, आणि त्यातली काही भीती खरी आहे, तिचं ऐकायचं. पण कुठे राहायचं हे तिला ठरवू देणार नाही.

तू विचारलं होतंस मला काय हवंय. सगळं कळलेलं नाही अजून. एवढं कळलंय.

खार


१२ जून

खारुताई,

तुझं "नको" मिळालं.

आधी राग आला. मग अख्खी दुपार तोंड फुगवून बसले, शेजारणीवर खेकसले. ती म्हणाली, "एवढं काय झालं?" मी म्हटलं, "भाची मला नाही म्हणाली." आणि बोलता बोलता मला रडू आलं, पण ते रागाचं नव्हतं. लहानपणापासून तू मला एकदाही नाही म्हटलेलं नाहीस. मला ते कधी खटकलंही नव्हतं. पोर गुणाची, असंच म्हणत आले.

आज समोरची पायरी रिकामी आहे. सकाळपासून कुणी आलं नाही. तो कुठे गेला हे मला माहीत नाही, आणि हे चांगलं की वाईट तेही कळत नाही. तुझ्या चौकीवर तेवढं आजच कळव. बाकी दाराला काय लाव आणि कुठून ये-जा कर हे मी इथे लिहिलं होतं, अर्धं पान भरून. ते खोडलं. तुला माहीत आहे.

पलंग परत पाठवला. खोलीचा पडदा काढला, कुलूपही काढलं. आत दोऱ्या बांधून ओल्या चादरी वाळत घातल्यात, वारा चांगला लागतो तिथे. कधी चार दिवस राहावंसं वाटलं तर आधी कळव, चादरी काढायला मला अर्धा दिवस लागेल. आणि नाही वाटलं, तर त्या वाळतायत.

मावशी